परिपाठासाठी घेतलेला दिनविशेष : वर्षभराच्या वापरानंतर

अमळनेर तालुक्यातील आमच्या शाळेत परिपाठ सुरू होण्यापूर्वी दारालगतच्या फळ्यावर त्या दिवसाचा दिनविशेष लिहिण्याची प्रथा जुनी आहे, आणि गेल्या जूनपासून हे काम माझ्याकडे आले. तोवर हा मजकूर मोबाइलवर येणाऱ्या संदेशांतून उतरवला जात असे. त्या संदेशांत एकाच व्यक्तीच्या दोन जन्मतारखा, पुण्यतिथीच्या जागी जयंती आणि मुळात घडलेल्याच नाहीत अशा घटना इतक्या वेळा आढळल्या, की कोणीतरी जबाबदारीने तपासून छापलेले साधन हाताशी असावे असे आम्ही ठरवले. त्याप्रमाणे जळगावच्या फुले मार्केटमधील एका स्टेशनरीच्या दुकानातून मी ३४० रुपयांना ही दिनविशेषाची दिनदर्शिका आणली. आता तिची सगळी पाने एकदा उलटून झाली आहेत. शाळेच्या दिवसांचे जवळजवळ प्रत्येक पान फळ्यावर उतरले असून सुट्टीतील पाने मी घरी वाचली आहेत. दुरुस्त्यांविषयी प्रकाशकांशी माझा पत्रव्यवहार चालू आहे आणि त्यांना पुरेशी संधी मिळावी अशी माझी इच्छा आहे, म्हणून त्यांचे नाव येथे देत नाही. दुकानात दिनविशेष मागितला की जी दोन-तीन प्रकाशने पुढे ठेवली जातात त्यांच्यापैकी हे एक आहे, आणि पुढे जे लिहिले आहे ते यांतील कोणतेही प्रकाशन घेताना पडताळून पाहता येईल.

आधी वस्तूविषयी. वरच्या बाजूने स्प्रिंग लावलेली ३६६ पाने, मागे जाड पुठ्ठा आणि खिळ्याला अडकवण्यासाठी पत्र्याची कडी, अशी तिची बांधणी आहे. वार छापलेले नसल्याने ती कोणत्याही वर्षी चालते, आणि २९ फेब्रुवारीलाही स्वतंत्र पान असून त्यावर मोरारजी देसाई यांचा १८९६ मधील जन्म आवर्जून नोंदवला आहे. पानावर ठळक तारीख, तिच्याखाली घटना, जन्म आणि मृत्यू असे तीन भाग, तळाशी एक सुविचार आणि त्याखाली ‘आपली नोंद’ अशा मथळ्याची दोन रेघांची कोरी जागा आहे. अक्षर इतके ठसठशीत आहे की चौथीतील मुलगी स्टुलावर उभी राहून, दोन हात अंतरावर टांगलेल्या पानाकडे पाहत, एकदाही खाली न उतरता सगळा मजकूर फळ्यावर लिहून काढते. हे मला फार मोलाचे वाटते, कारण लिहिताना पुस्तक हातात धरावे लागले की खडू घसरतो आणि इसवी सनातला एखादा आकडा हमखास बदलतो. उणीव म्हणावी तर कागद थोडा पातळ आहे. तारखेची लाल शाई पाठीमागून फिकट दिसते आणि मृत्यूच्या रकान्यातील बारीक ओळी तेवढ्या भागात वाचताना अडखळायला होते. शिवाय मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास गेला तेव्हा मागचा पुठ्ठा धनुष्यासारखा वाकला, आणि तेव्हापासून दिनदर्शिका भिंतीला सपाट बसत नाही.

मजकुराची निवड करणाऱ्या व्यक्तीला इतिहासाची चांगली जाण आहे, हे काही पानांवर स्पष्ट दिसते. १९ डिसेंबरचे पान मला सर्वांत सरस वाटले. १९२७ मध्ये याच तारखेला रामप्रसाद बिस्मिल, अशफाकउल्ला खान आणि ठाकूर रोशनसिंह यांना काकोरी प्रकरणात वेगवेगळ्या तुरुंगांत फाशी देण्यात आले. याच प्रकरणातील राजेंद्रनाथ लाहिरी यांना मात्र दोन दिवस आधी, १७ डिसेंबरला, गोंडा येथील तुरुंगात फाशी झाली होती. मोबाइलवरील संदेशांत चौघांचीही नावे १९ तारखेखाली सरसकट येतात, पण या दिनदर्शिकेने लाहिरींना त्यांच्या स्वतःच्या तारखेवर जागा दिली आहे. त्याच १९ डिसेंबरला १९६१ मध्ये गोवा पोर्तुगिजांच्या अमलातून मुक्त झाले, आणि जन्माच्या भागात प्रतिभाताई पाटील यांचा १९३४ मधील जन्म ‘जळगाव जिल्ह्यातील नाडगाव येथे’ अशा शब्दांत दिला आहे. नाडगाव ज्या बोदवड परिसरात आहे तेथे नातेवाईक असलेली मुले आमच्या शाळेत आहेत. त्या दिवशी फळ्यापाशी ती बराच वेळ थांबली होती, कारण देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती आपल्या मामाच्या गावाजवळ जन्मल्या हे त्यांनी पहिल्यांदाच वाचले होते. गावाचे नाव नुसते छापल्याने एवढा फरक पडतो, आणि पुढे मी जी तक्रार करणार आहे तिचे मूळही इथेच आहे.

३ डिसेंबरचे पानही काळजीपूर्वक रचलेले आहे. राजेंद्रप्रसाद यांचा १८८४ मधील आणि खुदीराम बोस यांचा १८८९ मधील जन्म, मेजर ध्यानचंद यांचे १९७९ मधील निधन आणि १९८४ ची भोपाळची वायुदुर्घटना या साऱ्या नोंदी तेथे आहेत. भोपाळच्या नोंदीत ‘२ आणि ३ डिसेंबरच्या दरम्यानची रात्र’ असे नेमके लिहिले आहे. रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चाललेली घटना कोणत्या तारखेखाली घालावी, हा दिनविशेष करणाऱ्याला नेहमी पडणारा प्रश्न येथे नीट सोडवला आहे. त्याच पानावर १९५१ मध्ये झालेले बहिणाबाई चौधरी यांचे निधनही आहे. त्या नोंदीबद्दल माझी काही तक्रार नाही, जन्माच्या नोंदीबद्दल मात्र आहे.

त्याआधी दिनविशेषाच्या धंद्यातील एका जुन्या अडचणीविषयी सांगितले पाहिजे, कारण ही दिनदर्शिका त्या अडचणीत एकदा नव्हे तर अनेकदा सापडली आहे. तारीख सारखी असली तरी दिवस एकच असेल असे नाही. रोमच्या पोपने १५८२ मध्ये पंचांगसुधारणा केली तेव्हा ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर ही तारीख आली. इंग्लंडने ही सुधारणा १७५२ मध्ये स्वीकारली आणि तेथे २ सप्टेंबरनंतर १४ सप्टेंबर उजाडला. मधल्या पावणेदोनशे वर्षांत दोन देशांतील कागदपत्रांवर एकाच दिवशी दोन निराळ्या तारखा पडत होत्या. त्यामुळे आयझॅक न्यूटन यांचा जन्म जुन्या गणनेने २५ डिसेंबर १६४२ आणि नव्या गणनेने ४ जानेवारी १६४३ असा होतो. या दिनदर्शिकेत तो दोन्ही पानांवर छापला आहे आणि एकाही पानावर दुसऱ्याचा उल्लेख नाही. २३ एप्रिलच्या पानावर, म्हणजे जागतिक पुस्तक दिनाच्या दिवशी, शेक्सपियर आणि सर्व्हांतेस हे दोन थोर साहित्यिक ‘१६१६ मध्ये एकाच दिवशी निवर्तले’ असे छापले आहे. स्पेन तेव्हा नव्या गणनेवर होता आणि इंग्लंड जुन्या, त्यामुळे त्या दोन २३ एप्रिलांमध्ये दहा दिवसांचे अंतर होते. हे वाक्य मी फळ्यावर जाऊ दिले नाही. त्याऐवजी त्या दिवशी वर्गात पंचांगसुधारणेचीच गोष्ट सांगितली आणि मुलांनी ती मन लावून ऐकली.

शिवरायांच्या बाबतीत मात्र दिनदर्शिकेने योग्य काळजी घेतली आहे. १९ फेब्रुवारी १६३० या तारखेशेजारी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथी दिली आहे, आणि ६ जून १६७४ च्या राज्याभिषेकाशेजारी ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. या दोन्ही इंग्रजी तारखा जुन्या गणनेतील आहेत, हे एका वाक्यात सांगितले असते तर बरे झाले असते. तरीही मूळ तिथी जवळ छापलेली असल्याने ज्याला शोध घ्यायचा आहे त्याला वाट मोकळी राहते. हीच पद्धत संतांच्या नोंदींना का लावली नाही, हे मला उमगत नाही. मुक्ताबाईंच्या अंतर्धानाची नोंद मे महिन्यातील एका इंग्रजी तारखेखाली आहे आणि तिथीचा उल्लेखच नाही. मुक्ताईनगर परिसरात हा सोहळा वैशाख वद्य दशमीला होतो आणि कोथळी-मेहूणकडे निघालेल्या दिंड्या तिथी पाहूनच निघतात. आमच्या मुलांच्या घरातील माणसे त्या दिंड्यांत असतात. त्यांच्या दृष्टीने फळ्यावरची तारीख दर वर्षी चुकीचीच ठरणार, कारण खुद्द गावात उत्सव त्या दिवशी नसतो.

आता बहिणाबाईंकडे येतो. २४ ऑगस्टच्या पानावर ‘कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचा जन्म, १८८०, असोदे, नागपंचमीच्या दिवशी’ अशी नोंद आहे. ही तारीख असंख्य पुस्तकांत आणि कार्यक्रमपत्रिकांवर अशीच छापलेली असते, त्यामुळे दिनदर्शिकेने ती निर्माण केली असे कोणी म्हणणार नाही. परंतु तारीख आणि नागपंचमी या दोन गोष्टी एकाच ओळीत आल्यावर त्या एकमेकींशी जुळतात का, हे पाहायला हवे होते, आणि ते पाहणे कठीण नाही. पाचवीच्या मुलांकडून हे गणित मी फळ्यावरच करून घेतले. सूर्यग्रहण अमावास्येलाच लागते, आणि ११ जानेवारी १८८० रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले होते. म्हणजे त्या दिवशी अमावास्या होती. एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवस जातात, म्हणून सात महिन्यांचे २०६ ते २०७ दिवस झाले. १८८० हे लीप वर्ष होते, तेव्हा फेब्रुवारीचे २९ दिवस धरून पुढे मोजले की ५ किंवा ६ ऑगस्टला अमावास्या येते. तिच्यानंतर श्रावण सुरू होतो आणि पाचव्या दिवशी नागपंचमी, म्हणजे साधारण १० किंवा ११ ऑगस्ट. २४ ऑगस्टला तर पौर्णिमाही उलटून गेलेली होती. नागपंचमी शुद्ध पक्षातच येते, तेव्हा बहिणाबाई नागपंचमीला जन्मल्या असतील तर २४ ऑगस्टला जन्मल्या नाहीत, आणि २४ ऑगस्टला जन्मल्या असतील तर तो दिवस नागपंचमीचा नव्हता.

काही ठिकाणी त्यांचा जन्म ११ ऑगस्टला दिलेला आढळतो. ती तारीख नागपंचमीशी व्यवस्थित जुळते, आणि जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला त्यांचे नाव देण्याचा सोहळाही ११ ऑगस्ट २०१८ रोजीच झाला. ज्या घरात लिहिणे-वाचणे नव्हते तेथे मुलीचा जन्म सणाच्या खुणेने लक्षात राहावा आणि इंग्रजी तारीख नंतर कोणीतरी जोडावी, हे मला अधिक संभवनीय वाटते. दिनदर्शिकेने दोन्ही तारखांच्या पानांवर एकेक ओळ देऊन हा फरक सांगायला हवा होता. शेतात काम करताना ओव्या रचणाऱ्या, स्वतः अक्षर न गिरवलेल्या या बाईच्या कविता त्यांचे पुत्र सोपानदेव यांनी जतन केल्या आणि निधनानंतर १९५२ मध्ये त्या पुस्तकरूपाने लोकांसमोर आल्या. जगभरातील राजेमहाराजांच्या तारखा तपासायला जेवढा वेळ दिला, तेवढा त्यांच्या तारखेलाही मिळायला हवा होता असे मला कळकळीने वाटते.

खान्देशाविषयीची माझी खरी तक्रार चुकांपेक्षाही रिकाम्या जागांबद्दल आहे, आणि ती एका पानावरून नीट समजेल. २८ डिसेंबरचे पान पाहा. १८८५ मध्ये मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसची स्थापना झाली, ही पहिली नोंद. १८९५ मध्ये पॅरिसमध्ये ल्यूमिएर बंधूंनी तिकीट लावून चलच्चित्रे दाखवली, ही दुसरी. जन्माच्या भागात धीरूभाई अंबानी, १९३२ आणि रतन टाटा, १९३७. मृत्यूच्या भागात हिंदी कवी सुमित्रानंदन पंत, १९७७. सगळ्या नोंदी बरोबर आहेत. पण १९३६ साली याच तारखेला यावल तालुक्यातील फैजपूर येथे, पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली, काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन चालू होते. २७ आणि २८ डिसेंबरचे हे अधिवेशन काँग्रेसचे पन्नासावे होते. त्याचा मंडप नंदलाल बोस यांनी गांधीजींच्या इच्छेप्रमाणे बांबू आणि गावात मिळणाऱ्या साध्या साहित्यातून सजवला होता, आणि अमळनेरला शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींनी त्याच्या तयारीसाठी खान्देशातील गावे पालथी घातली होती. मुंबईत ज्या तारखेला ही संस्था जन्मली, त्याच तारखेला एक्कावन्न वर्षांनी ती आमच्या केळीच्या मुलखात येऊन बसली होती. दिनविशेष या प्रकाराचे सारे सामर्थ्य अशा जुळणीत असते, आणि इथे ती जुळणी तयार असूनही पानावर आलेली नाही.

त्याच पानावर आणखी एक नाव हवे होते. नंदुरबारच्या शिरीषकुमार मेहता यांचा जन्म २८ डिसेंबर १९२६ चा. फैजपूरला अधिवेशन भरले होते त्या दिवशी नंदुरबारच्या एका घरात हा मुलगा दहा वर्षांचा झाला. पुढे सहा वर्षेही पूर्ण झाली नाहीत, तोच ९ सप्टेंबर १९४२ रोजी, ‘चले जाव’च्या आंदोलनात, हातात तिरंगा घेऊन निघालेल्या मुलांच्या मिरवणुकीवर नंदुरबारच्या चौकात गोळीबार झाला. शिरीषकुमार आणि त्याच्यासोबत लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर व घनश्यामदास शहा हे पाच जण त्यात हुतात्मा झाले. शिरीषकुमारला तेव्हा सोळावे वर्ष चालू होते. आज त्या चौकात हुतात्म्यांचे स्मारक आहे.

९ सप्टेंबरच्या पानावर टॉलस्टॉय यांचा १८२८ मधील जन्म आहे, भारतेंदु हरिश्चंद्र यांचा १८५० मधील जन्म आहे, माओ झेडाँग यांचे १९७६ मधील निधन आहे. नंदुरबारचे नावसुद्धा नाही. त्या सकाळी मुलीने पान उतरवून झाले आणि रांगेत उभ्या असलेल्या, नंदुरबारहून आमच्या शाळेत आलेल्या सहावीतील एका मुलाने फळा वरपासून खालपर्यंत वाचून मला विचारले, “सर, यामा आमना शिरीषकुमार कोठे शे?” मी खडू घेऊन ‘घटना’ या शब्दाखाली सर्वांत वर ती नोंद लिहिली आणि पाचही नावे त्याच्याकडूनच मोठ्याने वाचून घेतली. नंतर दिनदर्शिकेच्या पानावर ‘आपली नोंद’च्या दोन रेघांवर पेन्सिलीने तीच नावे लिहिली. पाच नावांना दोन रेघा पुरल्या नाहीत, शेवटची दोन समासात लिहावी लागली.

असे एकदा सुरू झाल्यावर मी प्रत्येक पान त्या नजरेने पाहू लागलो. १४ एप्रिलच्या पानावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा १८९१ मधील जन्म ठळक अक्षरांत आहे आणि १९४४ मधील मुंबई गोदीतील स्फोटही आहे. त्याच १४ एप्रिल १९४४ रोजी शिंदखेडा तालुक्यातील चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी सरकारी खजिना नेणारी मोटार अडवून सुमारे साडेपाच लाख रुपये काढून घेतले. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे आणि खान्देशातील कार्यकर्ते त्यात एकत्र होते. ही नोंद नाही. २१ फेब्रुवारीला जागतिक मातृभाषा दिन आहे, ढाक्यातील १९५२ च्या गोळीबाराची माहितीही आहे. पण १९३२ मध्ये त्याच तारखेला, रविवारी, धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवरील पहिले प्रवचन मराठीत दिले, आणि समोर बसलेल्या साने गुरुजींनी ते टिपून घेतले, याचा उल्लेख नाही. दर रविवारी एक याप्रमाणे ही अठरा प्रवचने १९ जूनपर्यंत चालली आणि पुढे भारतातील अनेक भाषांत पोचली. मातृभाषेच्या दिवशी मराठी मुलांना सांगण्यासाठी याहून जवळचे उदाहरण मला सुचत नाही. २९ डिसेंबरला राजेश खन्ना यांचा जन्म आहे, पण १९४५ मध्ये त्या तारखेला आमच्याच अमळनेरात वनस्पती तेलाची जी कंपनी नोंदली गेली आणि जी पुढे विप्रो या नावाने जगभर गेली, ती नाही.

३१ डिसेंबरच्या पानाबद्दल मात्र समाधान वाटले. ईस्ट इंडिया कंपनीला १६०० मध्ये मिळालेली सनद आणि १८०२ चा वसईचा तह या दोन नोंदी तेथे एकाखाली एक आहेत. कंपनीचा जन्म आणि पेशवाईच्या स्वातंत्र्याचा शेवट एकाच तारखेवर वाचताना मोठी मुले विचारात पडतात. त्याच्याखाली इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे १९२६ मधील निधन आहे. ते धुळ्यात झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने तेथे संशोधन मंडळ उभे राहिले, एवढे जोडले असते तर पान परिपूर्ण झाले असते. बालकवींच्या दोन्ही तारखा, धरणगावचा १३ ऑगस्ट १८९० चा जन्म आणि ५ मे १९१८ चा मृत्यू, अचूक आहेत. मृत्यूच्या नोंदीत ‘रेल्वे अपघातात’ एवढेच आहे. तो अपघात भादली स्थानकावर झाला, आणि जळगावहून भुसावळला जाणारी आमची मुले त्या स्थानकावरून वर्षातून चार वेळा तरी जातात.

शाळेसाठी घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ५ मे उन्हाळ्याच्या सुट्टीत येतो आणि साने गुरुजींची पुण्यतिथी, ११ जून, शाळा उघडण्याच्या काही दिवस आधी. दिनविशेष ज्यांच्यासाठी आहे त्या मुलांच्या कानावर या दोन तारखा कधी पडतच नाहीत. सुट्टीतील महत्त्वाच्या दिवसांची एक वेगळी यादी शेवटी जोडली, तर शाळा सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात त्या घेता येतील. ही सूचना मी प्रकाशकांना कळवली आहे.

दिनदर्शिकेबरोबर मोबाइलवर रोज सकाळी त्या दिवसाचे पान चित्ररूपात पाठवण्याची सोयही आहे. मागच्या पुठ्ठ्यावरील क्यूआर कोड टिपून नोंदणी करावी लागते. ही सोय मी दोन महिन्यांत बंद केली. संदेश बहुधा आमचा परिपाठ संपल्यावर येत असे, त्यातील मजकूर छापील पानाचाच असे, आणि छापील पानातील चुकाही त्याच्यासोबत जशाच्या तशा येत असत. छापलेले पान बदलता येत नाही हे समजण्यासारखे आहे, पण संदेश रोज नव्याने पाठवता येतो, तेव्हा सुधारणा तेथून सुरू व्हायला हवी होती.

मी एकूण अकरा दुरुस्त्या आणि चौदा नव्या नोंदी सुचवणारे पत्र फेब्रुवारीत पाठवले. तीन आठवड्यांनी उत्तर आले, आणि ते सौजन्यपूर्ण होते. न्यूटन आणि शेक्सपियर यांच्या दुरुस्त्या पुढच्या आवृत्तीत करू, फैजपूर आणि शिरीषकुमार यांच्या नोंदी घेऊ, असे त्यांनी कळवले. बहिणाबाईंच्या तारखेबद्दल त्यांनी ‘सर्वमान्य तारीख बदलता येणार नाही’ असे लिहिले आहे. मी तारीख बदलण्याची मागणी केलेली नाही. दोन्ही तारखा आणि नागपंचमीचा हिशेब एकत्र छापावा एवढेच माझे म्हणणे आहे, आणि मुलांनी फळ्यावर केलेल्या गणिताचे छायाचित्र जोडून ते मी पुन्हा कळवले आहे.

घ्यावी की नाही, असे विचाराल तर घ्यावी. मोबाइलवरच्या मजकुरापेक्षा ती कितीतरी भरवशाची आहे, अक्षर आणि मांडणी शाळेच्या उपयोगाची आहे, आणि एकदा घेतली की दर वर्षी चालते, त्यामुळे ३४० रुपये जास्त वाटत नाहीत. मात्र सतराव्या शतकातील युरोपीय तारखा, संतांच्या तिथी आणि खान्देशातील व्यक्तींच्या नोंदी दुसरीकडे पडताळल्याशिवाय फळ्यावर लिहू नयेत. नवी आवृत्ती दिवाळीच्या सुमारास येईल असे दुकानदारांनी सांगितले आहे. ज्यांना घाई नाही त्यांनी तोवर थांबावे आणि दुकानात हातात घेतल्यावर आधी २८ डिसेंबरचे पान उघडून पाहावे. आमची जुनी प्रत वाकलेल्या पुठ्ठ्यासह फळ्याशेजारीच राहील, कारण तिच्या तळच्या रेघांवर वर्षभर जमा झालेल्या पेन्सिलीच्या नोंदी आता सातवीची मुले वहीत उतरवून घेत आहेत, आणि ती जुलैपर्यंत पोचली आहेत.